मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया : भूल कोणती आणि शुद्ध केव्हा?

मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बसलेल्या आप्तेष्टांचे प्रश्न बहुधा दोनच असतात. गाठ पूर्ण निघेल का, हा पहिला. आणि रुग्ण शुद्धीवर केव्हा येईल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शल्यविशारद देतात. दुसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी भूलतज्ज्ञांच्या हाती असते. परंतु ते पडद्याआड राहून काम करीत असल्याने त्यांच्या कामाचे स्वरूप आप्तेष्टांना क्वचितच कळते. त्यातून काही समजुती रूढ झाल्या आहेत. "भारीतली भूल द्या, खर्चाचे आम्ही पाहू," असे सांगणारे नातेवाईक भेटतात, आणि निर्धन रुग्णांसाठी राखीव असलेल्या खाटेवर दाखल झालेल्या रुग्णाचा मुलगा संकोचाने विचारतो, "आमच्या वडिलांना साधीच भूल दिली असेल ना?" दोन्हींमागची समजूत एकच. भुलेतही प्रतवारी असते, आणि जी महाग तिने रुग्ण लवकर बरा होतो.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. औषधशास्त्र हे त्याचे क्षेत्र नव्हे. तथापि खरेदीच्या प्रत्येक मागणीपत्रावर स्वाक्षरी करणाऱ्याने, आपण कशासाठी पैसे मोजतो हे समजून घेतले पाहिजे. त्या हेतूने आपल्या भूलतज्ज्ञांना विचारून आणि प्रसिद्ध झालेले अभ्यास वाचून जे उमजले, ते विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे ठेवीत आहे.

कवटीतील जागेचा हिशेब

पोटाच्या शस्त्रक्रियेची भूल आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची भूल यांत मोठे अंतर आहे, आणि त्याचे कारण कवटी. पोट फुगू शकते, कवटी फुगू शकत नाही. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅम वजनाचा असतो. त्याच्याभोवती पाण्यासारखा मेंदूजल नावाचा द्रव असतो आणि रक्तवाहिन्यांत रक्त असते. मेंदू, मेंदूजल आणि रक्त या तिघांनी कवटी गच्च भरलेली असते. यांपैकी एक वाढले, तर उरलेल्या दोघांना जागा सोडावी लागते. जागा सोडणे अशक्य झाले की आतील दाब झपाट्याने वाढतो. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये हा विचार मांडला, आणि तो आजही या शास्त्राचा पाया आहे. गाठ असलेल्या रुग्णाच्या कवटीत चौथा भाडेकरू आधीच शिरलेला असतो. शिल्लक जागा जवळपास संपलेली असते.

आता रक्ताचा विचार करू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा तो घेतो. त्याच्या रक्तवाहिन्या थोड्या जरी रुंदावल्या, तरी कवटीतील रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. भुलेची औषधे या रक्तवाहिन्यांवरच परिणाम करतात. म्हणून मेंदूच्या बाबतीत भूलतज्ज्ञाला तीन गोष्टी एकत्र साधायच्या असतात : रुग्णाला वेदना आणि जाणीव नसावी, मेंदू सैल राहून शल्यविशारदाला काम करता यावे, आणि शस्त्रक्रिया संपताच रुग्ण चटकन जागा व्हावा. ही तिसरी अट इतकी महत्त्वाची का, ते पुढे येईलच.

वायू की शिरेतून दिलेले औषध

भूल टिकवून ठेवण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. एक श्वासावाटे. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन ही औषधे द्रवरूपात बाटलीत येतात; यंत्रावरील उपकरणात त्यांची वाफ होते आणि प्राणवायूबरोबर ती फुप्फुसांत जाते. दुसरा मार्ग शिरेतून. प्रोपोफॉल हे औषध सिरिंज पंपाच्या साहाय्याने थेंबाथेंबाने सतत दिले जाते. दोन्ही पद्धतींत फेंटानिलसारखे वेदनाशामक जोडीला असतेच.

वायूंबद्दल मेंदूशल्यचिकित्सकांच्या मनात जुनी अढी आहे, आणि ती निराधार नाही. १९५६ पासून वापरात आलेले हॅलोथेन हे औषध मेंदूच्या रक्तवाहिन्या बऱ्याच रुंदावत असे, त्यामुळे कवटी उघडताच मेंदू फुगून वर येण्याची भीती असे. नंतरच्या वायूंत हा दोष कमी झाला, पण मात्रा वाढवली तर तो तेथेही दिसतो. प्रोपोफॉलचे वागणे उलट आहे. ते मेंदूची प्राणवायूची गरज कमी करते आणि रक्तपुरवठाही त्या प्रमाणात घटवते; म्हणून दाब उतरतो. डेन्मार्कमध्ये ११७ रुग्णांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात प्रोपोफॉल घेतलेल्या रुग्णांचा कवटीतील दाब आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन या दोन्ही गटांहून कमी आढळला.

प्रोपोफॉल दिसायला दुधासारखे असते. नातेवाईक कधी कधी विचारतात, हे दूध शिरेतून कसे देतात? ते दूध नव्हे. हे औषध पाण्यात विरघळत नाही. पहिल्या प्रयत्नात ज्या द्रावकात ते मिसळले होते त्याची ॲलर्जी होऊ लागली, म्हणून ते मागे घ्यावे लागले; पुढे सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांच्या मिश्रणात ते बसवले गेले आणि १९८६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले. ज्या जॉन ग्लेन यांनी त्यावर चिकाटीने काम केले ते शिक्षणाने पशुवैद्य होते. २०१८ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

मग प्रोपोफॉलच का वापरू नये? तर त्यालाही त्याच्या मर्यादा आहेत. ते रक्तदाब उतरवते, आणि रक्तदाब फार उतरला तर मेंदूलाच रक्त कमी पडते. शिवाय पाच-सहा तास चाललेल्या शस्त्रक्रियेत ते स्नायूंत आणि चरबीत साठत जाते. पंप बंद केल्यावर ही जुनी उधारी हळूहळू रक्तात परत येते आणि रुग्ण गुंगीत राहतो. वायू मात्र ज्या वाटेने आला त्याच वाटेने, उच्छ्वासातून, बाहेर पडतो. रक्तात जो कमी विरघळतो तो लवकर निघतो : डेसफ्लुरेन सर्वांत आधी, मग सेव्होफ्लुरेन, सर्वांत उशिरा आयसोफ्लुरेन. रुग्णाच्या श्वासात वायू किती उरला आहे हे यंत्राच्या पडद्यावर दर श्वासाला दिसते. प्रोपोफॉलचे रक्तातील प्रमाण असे सहज मोजता येत नाही, ते वजन, वय यांवरून अंदाजावे लागते. म्हणून शिरेतून भूल देताना कपाळावर पट्टी लावून मेंदूची विद्युत्क्रिया आकड्यात दाखवणारे उपकरण जोडणे इष्ट असते. त्याच्या शंभराच्या मोजपट्टीवर ४० ते ६० या दरम्यानचा आकडा पुरेशा भुलेचा मानला जातो.

एका परिस्थितीत निवड जवळजवळ ठरलेली असते. गाठ हातापायांच्या हालचालींच्या केंद्राजवळ असेल, तर शस्त्रक्रिया चालू असताना मेंदूला सौम्य विद्युत्संदेश देऊन स्नायू प्रतिसाद देतात का, हे तपासत पुढे जावे लागते. वायू हे प्रतिसाद मंदावतात. तेथे प्रोपोफॉल सरस ठरते.

तुलना काय सांगते

हा प्रश्न जगभर अनेकदा तपासला गेला आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२१ रुग्णांना तीन निरनिराळ्या पद्धतींनी भूल दिली गेली. बारीकसारीक फरक दिसले, पण तिन्ही पद्धती स्वीकारार्ह ठरल्या. २०१२ मध्ये इटलीतील १४ केंद्रांनी मिळून ४११ रुग्णांवर सेव्होफ्लुरेन आणि प्रोपोफॉल यांची तुलना केली. भूल उतरल्यावर रुग्ण हालचाल करतो का, नीट श्वास घेतो का, रक्तदाब, शुद्ध आणि प्राणवायू कसे आहेत, यांना मिळून दहापैकी गुण देण्याची पद्धत आहे; तिच्यात नऊ गुण गाठण्यास लागलेला वेळ सर्व गटांत जवळपास सारखाच निघाला.

भारतीय वाचकास समाधान वाटावे अशी गोष्ट ही की, या विषयावरील कोक्रेन आढावा दिल्लीच्या एम्समधील तज्ज्ञांच्या पुढाकाराने झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आढाव्यात १५ चाचण्या आणि एकूण १८३३ रुग्णांची माहिती एकत्र केली आहे. निष्कर्ष असा : मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येण्याच्या वेळेत प्रोपोफॉल आणि सेव्होफ्लुरेन तुल्यबळ आहेत, आयसोफ्लुरेनने जाग येण्यास उशीर होतो, आणि शिरेतील पद्धतीने मळमळ व उलटी कमी होते. उपलब्ध पुरावा फारसा भक्कम नाही, हेही आढावाकारांनी स्पष्ट नमूद केले आहे. अशी कबुली वाचली की माझ्यासारख्या हिशेबनिसाचा विश्वास उलट वाढतो.

उलटी ही किरकोळ गोष्ट वाटेल. परंतु नुकतीच शिवलेली कवटी, त्यात उलटीचा जोर, रक्तदाबाची उसळी आणि आधीच चिडलेल्या रक्तवाहिन्या हे लक्षात घेतले, म्हणजे भूलतज्ज्ञ उलटी थांबवण्याचे औषध आधीच का देतात ते कळते. घशातील नळी काढताना येणारा खोकला आणि नंतर भरणारी हुडहुडी यांचेही तसेच आहे. डेसफ्लुरेन लवकर उतरत असले तरी ते श्वासमार्गाला झोंबते. शिवाय वातावरण तापवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५०० पट असल्याने स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून त्यावर कडक निर्बंध घातले. त्यासाठी नवे यंत्र मागण्याचे कारण मला दिसत नाही.

पहिले सहा तास

चटकन जाग येणे का महत्त्वाचे? गाठ काढल्यावर त्या पोकळीत रक्त साकळण्याचा धोका असतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मेंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या २३०५ रुग्णांची नोंद तपासली गेली. त्यांपैकी ५० जणांची प्रकृती रक्त साकळल्याने ढासळली. आणि त्या ५० पैकी ४४ जणांच्या बाबतीत ते पहिल्या सहा तासांत घडले. शंभरात दोन जणांवर येणारे हे संकट आहे, पण ज्याच्यावर येते त्याला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेण्यास मिनिटांचाच अवधी असतो.

हे संकट ओळखायचे कसे? सर्वांत संवेदनशील उपकरण म्हणजे जागा असलेला रुग्ण. नाव विचारल्यावर तो सांगतो, "उजवा हात उचला" म्हटल्यावर उचलतो. अर्ध्या तासापूर्वी बोलणारा माणूस अडखळू लागला, तर परिचारिका तत्क्षणी डॉक्टरांना हाक मारते आणि रुग्ण स्कॅनसाठी रवाना होतो. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे मिळून १५ गुण देणारी जी पद्धत ग्लासगो येथे १९७४ मध्ये तयार झाली, तिचा तक्ता आपल्या अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेशी लावलेला असतो तो याचसाठी. रुग्ण भुलेच्या गुंगीतच असेल, तर हे गुण घ्यायचे कोणाचे? गुंगी औषधाची की रक्त साकळल्याची, हे स्कॅन केल्याशिवाय सांगता येत नाही. आणखी एक बाब. गुंगीत श्वास मंद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि जो दाब टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला तोच परत चढतो.

म्हणूनच वेदनाशामकांचा प्रश्न नाजूक आहे. अफूवर्गीय औषध जास्त दिले तर श्वास मंदावतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात. बाहुल्या पाहून मेंदूची अवस्था जोखणाऱ्या डॉक्टरांची पंचाईत होते. कमी दिले तर रुग्ण कळवळतो आणि रक्तदाब चढतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर फारसे दुखत नाही, असा एक समज डॉक्टरांतही दीर्घकाळ होता. तो चुकीचा होता. यावर उपाय आहे तो टाळूच्या मज्जातंतूंजवळ बधिर करण्याचे इंजेक्शन देण्याचा. कपाळापासून मानेपर्यंत प्रत्येक बाजूला सहा मज्जातंतू टाळूची संवेदना वाहून नेतात. त्यांच्याजवळ बुपिव्हाकेनसारखे औषध टोचले की पुढील कित्येक तास जखमेची वेदना बोथट राहते, अफूवर्गीय औषध कमी लागते आणि रुग्ण स्वच्छ जागा होतो. या सर्व साखळीत हे औषध सर्वांत स्वस्तांपैकी आहे. लागतो तो भूलतज्ज्ञाचा वेळ आणि हात.

जागेपणी शस्त्रक्रिया

काही निवडक रुग्णांत रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मधल्या टप्प्यात पूर्ण जागे ठेवतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. परंतु मेंदूच्या गाभ्याला वेदना नसते. वेदना असते ती त्वचा, हाडावरील आवरण आणि मेंदूभोवतीचा जाड पडदा यांना, आणि ती टाळूच्या इंजेक्शनांनी शमवता येते. मॉन्ट्रियल येथे विल्डर पेनफील्ड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात फिट येणाऱ्या रुग्णांवर ही पद्धत विकसित केली. आता बोलण्याच्या केंद्राजवळील गाठींसाठी ती वापरली जाते आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रांत रुळली आहे. डेक्समेडेटोमिडिन या औषधाने तिला मोठी मदत केली. त्याने रुग्ण शांत झोपल्यासारखा राहतो, हाक मारली की जागा होतो, आणि श्वास फारसा मंदावत नाही.

जागेपणी रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारतात. शल्यविशारद मेंदूच्या एखाद्या बिंदूला सौम्य विद्युत्स्पर्श करतो. त्या क्षणी रुग्ण अडखळला, तर तो बिंदू वाचवायचा. येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या नावाजलेल्या चित्रसंचात इग्लूचे चित्र आहे. आपल्याकडील शेतकरी ते पाहून गप्प राहिला, तर तो बिंदू महत्त्वाचा म्हणावा की चित्र अनोळखी म्हणावे? त्याच्यासमोर सूप, जाते, विळा, बैलगाडी अशी चित्रे हवीत. घरात अहिराणी आणि बाजारात मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्याच्या बाबतीत तर दोन्ही भाषा तपासाव्या लागतात, कारण त्यांची केंद्रे मेंदूत नेमकी एकाच जागी असतील असे नाही. असा संच तयार करण्यास यंत्र लागत नाही. भाषेची जाण असलेली वाचा-उपचारतज्ज्ञ आणि चार संध्याकाळी लागतात.

ही पद्धत प्रत्येकास मानवत नाही. फार घाबरणारे, सूचना समजू न शकणारे, किंवा ज्यांचा श्वासमार्ग अवघड आहे असे रुग्ण यासाठी योग्य नव्हेत.

खर्चाकडे पाहताना

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सेव्होफ्लुरेन २५० मिलिलिटरच्या बाटलीत मिळते आणि ते किती खर्ची पडेल हे यंत्रातील वायूचा प्रवाह किती कमी ठेवला यावर ठरते. प्रवाह दुप्पट ठेवला की खर्चही जवळजवळ तितकाच वाढतो. प्रोपोफॉलची उघडलेली कुपी तेलकट माध्यमामुळे जंतूंना पोषक ठरते, म्हणून उरलेले औषध काही तासांतच टाकून द्यावे लागते. दोन्हींत नासाडी होते, दोन्हींत बचतही शक्य आहे. पण एका मेंदूशस्त्रक्रियेच्या एकूण बिलात भुलेच्या औषधांचा वाटा लहान असतो. औषध बदलून रुग्णाचे भवितव्य बदलते असे उपलब्ध अभ्यास दाखवीत नाहीत. गाठ पुन्हा वाढण्याच्या बाबतीत एखादी भूल अधिक हितकारक आहे का, याविषयीचे अभ्यास अद्याप एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्याच्या आधारे कोणी कुटुंबास सल्ला देऊ नये.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयातील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. भुलेच्या निवडीत हा भेद येण्यास जागाच नाही. भूलतज्ज्ञ गाठीची जागा, रुग्णाचे हृदय, वजन आणि शस्त्रक्रियेचा कालावधी पाहून ठरवतात. शिधापत्रिकेचा रंग त्यांच्या कागदावर नसतो.

फरक पडतो तो अन्यत्र. चालू स्थितीतील सिरिंज पंप, रुग्णाला गरम ठेवणारे पांघरूण, श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा मॉनिटर, आणि पहिल्या सहा तासांत एकाच रुग्णाकडे लक्ष देणारी प्रशिक्षित परिचारिका. देणगीदारांचा कल साहजिकच मोठ्या यंत्राकडे असतो. त्यावर नाव कोरता येते. परिचारिकेच्या रात्रपाळीवर नामफलक लागत नाही. तरीही विश्वस्त मंडळापुढे माझे मत मी लेखी ठेवले आहे की, या विभागासाठी येणाऱ्या निधीतून प्रथम रात्रपाळीचे मनुष्यबळ आणि पंप, आणि त्यानंतरच नवीन उपकरणे.

कुटुंबीयांसाठी

भूलपूर्व तपासणीस येताना रुग्ण घेत असलेली सर्व औषधे सोबत आणावीत, काढे आणि गोळ्यांच्या पुड्यासुद्धा. फिटची औषधे स्वतःहून थांबवू नयेत. त्यांपैकी फेनिटॉइन दीर्घकाळ घेणाऱ्यास स्नायू शिथिल करणारे औषध अधिक लागते, म्हणून ते भूलतज्ज्ञास ठाऊक असले पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते आधीच सांगावे. हलणारा दात, कवळी, पूर्वी भुलेच्या वेळी झालेला त्रास लपवू नये. शस्त्रक्रियेपूर्वी किमान सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही घेऊ नये. नेमकी वेळ परिचारिका लिहून देते.

चष्मा आणि श्रवणयंत्र शस्त्रक्रियेच्या दिवशी घरी नेऊ नका. नावाची चिठ्ठी लावून अतिदक्षता विभागातील परिचारिकेकडे द्या. ऐकू न येणारा रुग्ण हाकेला उत्तर देत नाही, आणि ती गुंगी समजली जाऊन विनाकारण स्कॅनची धावपळ होते. घरी रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारतात आणि तो कोणत्या भाषेत सहज बोलतो, हे दाखल होतानाच्या अर्जावर लिहावे. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला त्याच नावाने आणि त्याच भाषेत हाक मारली जाते. पहिल्या सहा तासांत कुटुंबातील एका जबाबदार व्यक्तीने रुग्णालयाच्या आवारातच थांबावे आणि आपला दूरध्वनी क्रमांक विभागाच्या वहीत नोंदवावा.